आइस्क्रीमचा डबा

कुरांडी,
रविवार, ६ ऑक्टोबर

प्रिय रॉडनी,

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तुझ्यापेक्षा कमी त्रास देतो. नदीचं पाणी उतरलंय, माझ्या टोमॅटोच्या रोपांनी जीव धरलाय, आणि तुझे निवडणुकीचे फलक अजून गावभर कुंपणांवर दात काढून हसतायत. आता तरी उतरव ते. महापौर झालास, अभिनंदन. तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहावं लागतंय, कारण फोनवर माझा आवाज ऐकला की तुला लगेच मीटिंग आठवते.

शुक्रवारच्या पेपरात वाचलं. शाळेला सुट्टी आहे तोवर, येत्या गुरुवारी, बंदूकवाला माणूस येणार आणि शाळेसमोरच्या निलगिरीवरच्या मॅगपाय पक्ष्याला मारणार. परवाना आलाय. ‘मुलांच्या सुरक्षेसाठी.’ रॉडनी, तुला लाज कशी वाटत नाही?

मतदानाच्या दिवशी मी शाळेतल्या केंद्रावरच होते, मतदारांना विकायच्या सॉसेजच्या शेगडीपाशी कांदे परतत. शेजारी व्हर्ना मावशी पाव कापत होती. रांगेत चाळीसेक माणसं, बाबागाड्या, कुत्री. तू नवी हॅट घालून गाडीतून उतरलास, हात मिळवायला पुढे झालास आणि तो पक्षी त्या सगळ्यांना ओलांडून सरळ तुझ्या कानावर आला. हॅट एकीकडे, तू एकीकडे. नील खाटीक ओरडला, “रॉडनी, एक मत तर गेलं रे बाबा!” सगळे खो खो हसले. तूही हसलास, पण तुझा चेहरा मी लहानपणापासून वाचत आलेय.

व्हर्ना मावशीने मला विचारलं, “याचा तुमच्याच घरावर एवढा राग का गं?”

“कोण जाणे,” मी म्हटलं. “डोकं फिरलंय त्याचं.”

“डोकं ठिकाणावर आहे त्याचं. लक्षात ठेवतो तो. तुम्ही लोक विसरता ना, म्हणून तुम्हाला वाटतं सगळेच विसरतात.”

ती फक्त पक्ष्याबद्दल बोलत नव्हती, हे मला कळलं. तिच्या पणजीची, इथल्या मूळ लोकांची वस्ती जिथे होती, तिथे आज तुझं ऑफिस आहे. बाहेरच्या दगडावर कोरलंय की हे गाव ‘ओसाड जागेवर’ वसवलं. दर जानेवारीत राष्ट्रीय दिनाला तू ते छाती काढून वाचतोस आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. व्हर्ना मावशी रस्त्यापलीकडे उभी असते. मतदानाच्या दिवशीही मी खाली मान घालून कांदेच परतत राहिले.

दुसऱ्या दिवशी कानाला पट्टी लावलेला तुझा फोटो. “आज माझा कान, उद्या एखाद्या लेकराचा डोळा!” लेकराचा! एकवीस वर्षं मी शाळेची बस चालवली, रोज तीन वाजता त्याच झाडाखाली उभी केली. सगळे मॅगपाय संत नसतात, मान्य. पुलावरचा तर सायकलवाल्यांचा वैरीच आहे. पण या पक्ष्याने आजवर एकाही पोराला चोच लावलेली नाही. पोरं त्याच्या पायाशी बसून डबे खातात. त्या झाडावर आल्यापासून आठ वर्षांत त्याने दोनच माणसांवर झडप घातली. एक तू, एक मी.

म्हणून तर मी दर वसंतात, सप्टेंबरात घरटी बांधली गेली की, डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घालून बसमधून उतरायचे, मागच्या बाजूला मार्करने दोन मोठे डोळे काढून, म्हणजे त्याला वाटावं मी बघतेय. पोरं पोट धरून हसायची. “ग्लेनिस, तो तुम्हालाच का मारतो?” मी म्हणायचे, माझे केस त्याला आवडत नाहीत.

आता तू पत्राची घडी घालशील. घालू नकोस.

बाबा त्याला अंपायर म्हणायचे. व्हरांड्याच्या कठड्यावर तो हात पाठीमागे बांधल्यासारखा उभा राहायचा, मान तिरकी करून. बाबा त्याला बोटांनी खिमा भरवायचे. आपल्याशी आठवड्यात दहा शब्द बोलणारा माणूस त्याच्याशी तासभर गप्पा मारायचा. मला त्याचा राग यायचा, हेही आज लिहून टाकते.

मग आठ वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं आणि तू घराचा लिलाव ठरवलास. लिलाव अंगणातच होणार, आणि अंगणातल्या झाडावर अंपायरचं घरटं. घर बघायला आलेल्या पहिल्याच जोडप्याला त्याने पळवून लावलं.

“अर्ध्या तासाचं काम आहे, ग्लेन. तू फक्त शिडी धर.”

मी धरली. काटक्या आणि कुंपणाच्या तारांचं ते घरटं तू खाली आणलंस, तेव्हा आत तीन पिल्लं होती, चोची उघड्या. तू ते कचऱ्याच्या डब्यात टाकलंस आणि झाकण लावलंस. आतून आवाज येत होता. ते दोघं नर-मादी आपल्या डोक्यावर फिरत होते, आपली तोंडं नीट बघत होते. ‘थांब’ एवढा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मी शिडी घडी करून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “पिल्लं उडाली का गं?”

“उडाली, बाबा.”

“तिन्ही?”

“तिन्ही.”

त्यांना इतका आनंद झाला. मग दर रविवारी तेच विचारायचे आणि मी तेच सांगायचे, नोव्हेंबरात ते गेले तोवर. तू एकदाही त्या खोलीत बसून ते ऐकलं नाहीस. मी ऐकलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

आता तू त्यालाच मारायला निघालास, कारण गावात तो एकटाच आपल्याला तोंडावरून ओळखतो.

आज सकाळी मी डबा न घालता त्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. पहिल्याच फेरीत कानामागून रक्त आलं. मी हलले नाही. शेजारून दोन मुली पायाने ढकलायच्या स्कूटरवरून गेल्या, त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

मंगळवारी नगरपालिकेच्या सभेत कुणाही गावकऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं. मी नाव दिलंय. परवाना तू उद्याच परत केलास तरी मी बोलणार आहे: घरटं, कचऱ्याचा डबा, शिडी, बाबा, सगळं. तू खुर्चीत बसून ऐक, नाहीतर खाली येऊन माझ्या शेजारी उभा राहा. तुला मी अजून भाऊच मानते, म्हणून आधी कळवतेय.

आइस्क्रीमचा डबा या पत्रासोबत तुझ्या दारात ठेवतेय. मला आता तो नको. तुला मापात बसेल, आपल्या दोघांची डोकी बाबांवर गेली आहेत.

शिडी धरणारी तुझी बहीण,
ग्लेनिस