बाया हसत बाहेर आल्या

प्रिय बेबीनंदा,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. लग्नाची तारीख धरली का, मेट्रनबाईला सुट्टीचा अर्ज द्यायचाय, हे तू एका पत्रात तीनदा विचारलं. एकदा विचारलं असतं तरी मला कळलं असतं. तारीख धरली न्हाई. का धरली न्हाई ते लिहिते, पण मधलं सोडून शेवट वाचू नको. सिनेमाला बसायच्या आधीच शेवट विचारायची तुझी खोड मला म्हाईत आहे.

आपली टॉकीज आज नऊ दिवस बंद आहे. दाराला कुलूप, आन कुलपावर रामकिसनशेठनं भीतीनं हार घातलाय, म्हणजे लोकांना वाटावं की मालक धार्मिक आहे. मी रोज सकाळी जाऊन बघून येते. एकवीस वर्षं बायांच्या दारावर तिकिटं फाडली, आता घरी बसून हात शिवशिवून राह्यले.

झालं असं. मंगळवारी दुपारी बाराचा खेळ फक्त बायांचा असतो, तुला सांगायला नको. मागच्या महिन्यात कंपनीची जाहिरातीची एक रीळ आल्ती. पाळीत वापरायच्या पॅडची. तू तिथं दवाखान्यात रोज असलं बघतेस, तर लाजू नको. कंपनीचा माणूस बजावून गेल्ता की फक्त बायांच्या खेळाला लावा, गड्यांपुढं बिलकुल न्हाई. तशीच लावली. महेमूदभाई मशीन चालू करून खोलीच्या बाहेर जाऊन उभा राहायचा, भिंतीकडं तोंड करून. इतका सरळ माणूस, त्यालाच उद्या आरोपी करतील.

जाहिरातीत काय होतं ते ऐक. एक पोरगी पांढरा ड्रेस घालून सायकल चालवते. मंग तिचं तोंड उतरतं. आई तिला पाकीट देते. मंग पॅडवर काचेच्या नळीतून निळं पाणी ओततात, आन पोरगी परत सायकलवर. संपलं. ते निळं पाणी पडलं आन मागून भाजीवाली गोजरबाई ओरडली, "अगं माय, हिला निळं येतंय का? दवाखान्यात न्या गं पोरीला!" मंग काय सांगू. सगळं थेटर लोटपोट. चाँदबी शेंगदाण्याची टोपली घेऊन आल्ती, ती टोपलीसकट खाली बसली. पुढच्या सिनेमात हिरोची माय मेली तरी बाया हसून राह्यल्या. सुटल्यावर हसत बाहेर आल्या, बाजारातून हसत गेल्या, आन घरी गड्यांनी विचारलं काय झालं, तर "काही न्हाई" म्हणून परत हसल्या.

इथंच सगळं बिघडलं. बाई रडत घरी आली तर कुणी विचारत बी न्हाई, सिनेमा चांगला असंल म्हणतात. हसत आली आन कशाला हसली ते सांगितलं न्हाई, तर ह्यांना झोप लागत न्हाई. चार मंगळवार तेच. मंग पानटपरीवर बसून ज्यानं त्यानं आपापली जाहिरात तयार केली. एक म्हणे नागडी बाई दाखवतात. दुसरा म्हणे नवऱ्याला कसं फसवायचं ते शिकवतात. तिसऱ्यानं तर सांगितलं, पडद्यावर गडी मानसाला लुगडं नेसवतात. एकानं बी पाहिलेलं न्हाई. ज्यांनी पाहिलं त्या घरात भाकरी थापून राह्यल्या होत्या, त्यांना कोण विचारतो.

मंग मोर्चा निघाला. आयाबहिणींची अब्रू, आयाबहिणींची अब्रू, असं ओरडत दीडशे गडी. त्यात एक आई न्हाई, एक बहीण न्हाई. पुढं कोण, तर तुझे होणारे सासरे. कडक इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध, हातात माईक.

मला त्या माईकचं हसू आलं. सर्जेरावांना मी काही आजपासून ओळखत न्हाई. बायांच्या दारावर उभं राह्यलं तरी मला पुढची बाकडी बराबर दिसतात. कोण कोणत्या सिनेमाला कितीदा आला, कुठल्या जागेला शिट्टी मारली, सगळं डोक्यात आहे. ज्या सिनेमात ती नटी हौदात उतरून गाणं म्हणते, पातळ पांढरी साडी नेसून, तो सर्जेरावांचा आवडता. नऊ वेळा आल्ते. नवव्या वेळी गाणं परत दाखवा म्हणून बाकडं उलटं केलं आन महेमूदभाईला रीळ मागं फिरवावी लागली. तेव्हा अब्रू कुठं गेल्ती? अंगभर कपडे घालून सायकल चालवणाऱ्या पोरीनं ह्यांची अब्रू गेली. रामकिसनशेठ तर त्याहून वरचा. मोर्चा अजून चौकात बी आला नव्हता तर ह्यानं हात जोडले, रीळ जाळतो म्हणाला, जाळली बी, आन टॉकीजला कुलूप घातलं.

ठाण्यात गेले तर साहेबानं विचारलं, कुणी पाहिलं ते सांगा. पाहणारी बाई पाहिजे. पण आपली बायको ठाण्यात कोण नेणार? तेव्हा ह्यांना आठवण आली की एक बाई आहे, दारावर उभी राहते, तिला अब्रू नसतेच.

गेल्या बुधवारी सर्जेराव, तुझी सासू आन तुझा संपत आले. पेढे आणले. मला वाटलं तारीख घेऊन आले. चहा ठेवला. मंग खिशातून कागद निघाला. "विहीणबाई, एवढ्या कागदावर सही करा." वाचला. मी चौथीतून सुटले, पण एकवीस वर्षं सिनेमाचे बोर्ड वाचलेत, मला वाचता येतं. त्यात लिहिलं होतं की मी माझ्या डोळ्यांनी अश्लील प्रकार पाहिला आन मालकानं मला गप्प बसायला सांगितलं. मी म्हणलं, दादा, तुम्हाला म्हाईत आहे का त्यात काय होतं? ते म्हणाले, "असल्या गोष्टी आम्ही पाहत न्हाई आन ऐकत बी न्हाई." मी म्हणलं, मंग आज ऐका. सगळं सांगितलं, सायकलपासून निळ्या पाण्यापर्यंत, गोजरबाई काय ओरडली ते बी. तुझी सासू पदर तोंडात घालून बसल्ती. निळ्या पाण्याला तिला सहन झालं न्हाई, फस्सकन हसली. तिसऱ्या रांगेत होती ती, चारही मंगळवारी. मी नाव घेतलं न्हाई, पण तिनंच स्वतःला पकडून दिलं.

सर्जेराव उठले. पेढ्याचा पुडा उचलला, परत ठेवला. म्हणाले, येत्या गुरुवारी ठाण्यात कागद द्यायचाय. सही झाली तर त्याच दिवशी भटजीला बोलावू. न झाली तर अशा घरची सून आम्हाला झेपायची न्हाई. सरळ बोलला माणूस, तेवढं एक मला पटलं.

आता संपतचं. बाप तावातावानं बोलत होता तेव्हा हा भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचून राह्यला होता. सगळे बाहेर पडल्यावर चप्पल घालायच्या निमित्तानं मागं राह्यला. हळूच म्हणाला, "मावशी, खरंच तेवढंच होतं का?" मी म्हणलं, तेवढंच. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलंल. म्हणाला, "मंग करून टाका ना सही. वाद मिटंल." बेबी, मला बापाचा राग आला न्हाई एवढा ह्याचा आला. बापाला सांगून बी ते खरं वाटलं न्हाई. ह्याला पटलं, आन पटून बी सही कर म्हणाला. वाईट पोरगा न्हाई. अंकुशनगरला कारखान्यात नोकरी, दारू न्हाई, तुझ्याशी गोड बोलतो. पण उद्या त्याच्या घरात तुझ्यावर कुणी काही खोटं घातलं, तर हा तुला बी हेच म्हणंल, हळूच, चप्पल घालता घालता.

तुझा आवडता सिनेमा मला कधी पटला न्हाई. तीन तास ती सून मार खाते, गप बसते, उपाशी झोपते, आन शेवटी सासरा तिच्या हातात चाव्यांचा जुडगा देतो, की तू गळा काढून रडायचीस. चाव्यांसाठी एवढं? मला आवडायचा तो काळा पांढरा, नावाडणीचा. सावकार नावेत बसून तिला नको ते बोलतो, ती नाव मधोमध थांबवते आन त्याला म्हणते, उतरा. बस्स. पाणी छातीपर्यंतच असतं, पण त्याला म्हाईत नसतं. तेवढ्यासाठी मी तो सिनेमा तीस वेळा पाहिला असंल. तू दर वेळी झोपायचीस.

पण संसार तुला करायचाय, मला न्हाई. माझं लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. हळद लावली तेव्हा कळलं. म्हणून मी अजून कागद फाडला न्हाई, डब्यात घालून ठेवलाय. हे पत्र उद्या एस.टी.च्या डायवरच्या हातानं पाठवते. बुधवारी दुपारी बाराला चौकातल्या एस.टी.डी.वर फोन कर, मी तिथं बसलेली असंल. तुला तो पाहिजे असंल तर हो म्हण. मी गुरुवारी जाऊन सही करीन. महेमूदभाईच्या पाया पडीन आन सही करीन. कागद खोटा आहे हे मला म्हाईत, संपतला म्हाईत, त्याच्या आईला म्हाईत, आन आता तुला बी म्हाईत. मी मरेपर्यंत दुसऱ्या कुणाला सांगणार न्हाई, तुलाही कधी बोलून दाखवणार न्हाई. नको असंल तर न्हाई म्हण, पेढे मी त्यांच्या दारात नेऊन ठेवते. हो का न्हाई, तेवढंच बोल. फोनवर रडू नको, रडण्यातून मला काही कळत न्हाई.

तुझीच,
आई