कालव्याकाठची जोडसायकल

तुलूझ, फ्रान्स
९ सप्टेंबर २०२५

ती. आबाजीदादा यांस,
शैलाचा सा. न. वि. वि.

आम्हाला इथे लेकीकडे, सृष्टीकडे येऊन दहा दिवस झाले. पत्राला उशीर झाला, त्याचं कारण पुढे येईलच. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो आम्रपालीच्या फोनवर पाठवते आहे. सूनबाईंनी अक्षर मोठं करून दाखवावं.

निघताना तुम्ही निरोप धाडलात, की दिसत नसलेल्या भावाला परमुलखात पाण्याच्या काठाने सायकलवर नेणं हा वेडेपणा आहे. मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पण दादा, काचबिंदूने ह्यांची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली, आणि चाकणच्या चौकात मोटारसायकलने उडवलं त्याला दीड. मांडीचं हाड जुळलं, तरी हे निगडीच्या घराबाहेर पडायला तयार नाहीत. बाल्कनीत बसून रस्त्यावरचे आवाज ओळखतात, हा कंटेनर, ही कंपनीची बस, ह्या बसचे ब्रेक गेलेत. एकेकाळी हाच माणूस निगडीहून चाकणला सायकलने शिफ्टला जायचा. तुम्हीही त्या अपघातानंतर आमच्याकडे आला नाहीत. कारण मी विचारत नाही.

इथे कालव्याच्या काठाने डांबरी वाट आहे. तिच्यावर मोटार नाही, दुचाकी नाही, फक्त चालणारे आणि सायकलवाले. सृष्टीने दोन माणसांची सायकल भाड्याने आणली. पुढे हँडल आणि ब्रेक माझ्याकडे, मागे हे. मागच्याने फक्त पॅडल मारायचं. तीस वर्षं गाडी ह्यांनी चालवली आणि मी शेजारून सूचना दिल्या. आता उलट झालंय आणि ह्यांच्या सूचना माझ्याहून जास्त आहेत. आठवडाभर त्याचाच सराव केला, म्हणून पत्राला उशीर. उद्या निघतो. आजाँ नावाच्या गावापर्यंत शंभर-सव्वाशे किलोमीटर, रमतगमत आठ दिवसांत. सृष्टी सामान घेऊन तिच्या सायकलवर.

रागासकट लोभ असू द्यावा.
आपली,
शैला


मळा, राजगुरुनगर
११ सप्टेंबर २०२५

सौ. शैला हीस,
आबाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी बोलतो तसाच लिवतो, मास्तरणीनं लाल पेन काढू नये.

राग गेलेला न्हाई. पण कालव्याचं नाव काढलंस म्हणून विचारतो. चासकमानच्या कालव्यावर अठ्ठावीस वर्षं पाटकरी म्हणून काढली. कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं, दार किती बोटं उचलायचं, सगळं ह्या हातानं. कालव्यात माणसं होड्या घालत्यात हे मला पटंना. आमच्या कालव्याला उतार, पाणी पळतं. पळत्या पाण्यावर होडी वर कशी चढंल? सृष्टी मागं म्हणाली होती, की दारं लावून पाण्याच्या पायऱ्या केल्यात. बरं, दार म्हणं दोन पाखांचं. आमचं दार चाक फिरवून वर उचलायचं, एकच पत्रा. दोन पाखं मधी मिटत असतील तर त्या फटीवर पाण्याचा जोर कसा पेलतो? गळत न्हाई का? उघडतं कोण? त्या माणसाला राहायला घर हाय का पत्र्याची खोपी?

हे तुला सांगता यायचं न्हाई. तुझ्या नवऱ्याला, गुरूला विचार. टूलरूमचा माणूस हाय, हात लावून सांगंल. फक्त त्याला दाराजवळ नेताना जपून. जाऊ दे, जपायचं कसं हे मी कोणाला सांगू.

आम्रपाली म्हणती, तिकडचा एक फोटो धाडा. मला फोटो नको, दाराचं सांगा.

काठ सांभाळा, माया ठेवा.
आबाजी


आजाँ, फ्रान्स
१७ सप्टेंबर २०२५

ती. आबाजीदादा यांस,
शैलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी न्याहारीला वाचून दाखवलं. अर्ध्या तासाने ह्यांनी विचारलं, की पुढचं दार किती लांब आहे. त्या दिवसापासून प्रत्येक दाराशी थांबायचं हा नियम झाला. प्रत्येक दाराशेजारी पूर्वीच्या राखणदाराचं टुमदार घर आहे आणि घरावर पाटी, पुढचं दार इतक्या मीटरवर, मागचं इतक्या. ती मी वाचून दाखवते आणि हे मनात हिशेब करून आमचा वेग काढतात. वेग कमी आहे असं दर वेळी निघतं.

आता तुमचे प्रश्न. उत्तरं ह्यांची, अक्षर माझं. दोन्ही पाखं सरळ रेषेत मिटत नाहीत. चढाच्या पाण्याकडे टोक करून, छपरासारखी एकमेकांवर रेलतात. पाणी जितकं जोरात ढकलेल तितकी घट्ट बसतात. म्हणजे जोर पेलायचा नाही, जोरच कामाला लावायचा. गळतं. कडेने बारीक धारा लागतातच. हे त्या धारांचा आवाज ऐकून रबर कुठे झिजलंय ते सांगतात. उघडायला आता माणूस नाही. पाण्यावर एक दांडी टांगलेली असते, होडीवाला जाता जाता ती पिळतो आणि यंत्र सुरू होतं. रिकाम्या घरांपैकी काहींत आता खानावळी आहेत, काहींना नुसतं कुलूप. हे ऐकून ह्यांनी विचारलं, की मग दादासारखी माणसं कुठे गेली.

मुआसाक गावाच्या पुढे एक फ्रेंच म्हातारे सायकल उलटी करून बसले होते. साखळी मागच्या चक्रात अडकलेली. सृष्टीने दुभाष्याचं काम केलं, ह्यांनी बोटांनी चाचपून दहा मिनिटांत ती सोडवली आणि वाकलेला दात पान्ह्याने सरळ केला. म्हाताऱ्यांना ह्यांना दिसत नाही हे शेवटी, हात मिळवताना कळलं. त्यांनी पिशवीतून द्राक्षांचे घड काढून दिले. आपल्या जुन्नरच्या द्राक्षांहून लहान आणि गोड, पण बिया फार.

आणि एक सांगायचं आहे. लपवायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही. परवा एका पुलाच्या चढावर समोरून लहान मुलांची रांग आली, मी घाबरून ब्रेक दाबला आणि आम्ही दोघं कडेला आडवे झालो. पाण्याच्या बाजूला नाही, शेताच्या बाजूला, खाजकुयलीसारख्या झुडपात. ह्यांचा कोपर सोलला. मी तिथेच बसून रडले. ‘पाडलंस’ म्हणून ह्यांनी बोलावं, तर हे माझा चष्मा शोधत होते. सापडलाही ह्यांनाच. मग म्हणाले, की पुढच्या वेळी ओरडून सांग, म्हणजे मीही पाय टेकेन. पुढच्या वेळी, असं म्हणाले दादा. मी मात्र रात्री झोपेपर्यंत तेच घोकत होते, की माझ्या हातून पडले.

तुमच्या बोलण्याला भिऊन लिहीत होते, पण शेवटी तुम्हालाच लिहावंसं वाटलं. कृपा असू द्यावी.
आपली,
शैला


मळा, राजगुरुनगर
१९ सप्टेंबर २०२५

सौ. शैला हीस,
आबाजीचे अनेक आशीर्वाद.

दाराचं वाचून फार बरं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत असं दार डोक्यात आलं न्हाई. कालव्याच्या हापिसातला जुना सोबती रंगराव, त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, साधंच तर हाय. मग म्हणलं आधी का न्हाई सुचलं तुला.

माझ्या हातून पडले असं तू लिवलंस, त्यावर दोन दिवस बसून हाय. व्हय, मी निगडीला येत न्हाई. चाकणच्या चौकात त्या दिवशी गुरूचा हात माझ्या हातात होता. रिक्षावाल्याशी बोलायला मी वळलो आणि हात सुटला. किती येळ, तर एक शब्द बोलायला लागतो तेवढा. मग आवाज झाला. दवाखान्यात समदे म्हणाले, आबाजीनं हात सोडला. गुरू काही बोलला न्हाई. त्याचं न बोलणं मला जास्त लागलं. तुमच्या दाराशी येऊन त्याचं चालणं ऐकायची छाती झाली न्हाई.

तुला रडू आलं, तो म्हणाला पुढच्या येळी. तुमचं नशीब चांगलं. हे त्याला वाचून दाखव का नको ते तूच ठरव.

आबाजी


तुलूझ
२२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
गुरुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

शैलाने तुझं पत्र वाचून दाखवलं आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवून सृष्टीला घेऊन भाजी आणायला गेली. पट्टी लावून लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या तर आम्रपालीला सोडवायला सांग.

दादा, हात तू सोडला नाहीस. मी हिसकावून घेतला.

तू रिक्षावाल्याला सांगितलंस, की भाऊ आंधळा आहे, जरा सांभाळून बसव. मला ऐकू आलं. नजर जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, पण तो शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. अंगाची लाही झाली. हात सोडवला आणि मला जमतं हे दाखवायला दोन पावलं टाकली. बस, एवढंच.

दवाखान्यात सगळे तुला बोलत होते तेव्हा मी जागा होतो. खरं सांगितलं असतं तर सगळे मला बोलले असते, आणि तेव्हा सगळे माझी कीव करत होते ते मला सोयीचं होतं. मग तू यायचा थांबलास. मी धरून चाललो, की आंधळ्या भावाचा तुला कंटाळा आला. असं धरल्यावर मला खरं सांगायची गरज उरली नाही. हे मी दीड वर्ष केलं. शैलालाही माहीत नव्हतं. आता परत येईल तेव्हा तिलाही सांगणार आहे. ती मला पुढच्या दारापर्यंत चालायला लावेल बहुतेक.

एक सांगतो. आजाँला नदीवरून कालवा नेलाय. दगडी पूल, अर्ध्या किलोमीटरहून लांब, आणि पुलावर पाणी. आम्ही त्याच्या कठड्याला धरून चाललो. खाली नदीचा आवाज, बाजूला संथ पाणी, त्यातून एक होडी गेली. मला वाटलं, हे दादाने ऐकायला हवं होतं.

माफी कशी मागतात मला ठाऊक नाही. तू मोठा आहेस, तूच कर काय ते.

तुझा,
गुरू


मळा, राजगुरुनगर
२४ सप्टेंबर २०२५

चि. गुरूस,
आबाजीचे अनेक आशीर्वाद.

आम्रपालीनं पत्र मोठं करून हातात दिलं आणि ती गोठ्याकडं गेली. सगळ्या सुनांना हे कुठं शिकवत्यात कळंना.

पहिल्यांदा राग आला. दीड वरीस सोताला दोष देत काढलं, ते आठवलं. तुला चार शब्द सुनवावं म्हणून कागद घेतला. मग लक्षात आलं, तो शब्द मीच बोललो होतो, आणि तुझ्या देखत, जसा काय तू तिथं न्हाईसच. रिक्षावाल्याला नुसतं म्हणायचं होतं, आमच्या दोघांना बसव. चूक दोघांची अर्धी-अर्धी धर आणि शैलाला बी तेच सांग.

तुमी अठ्ठावीसला येताय, मी एकोणतीसला सकाळच्या यष्टीनं निगडीला येतो. चार दिवस राहीन. प्राधिकरणातल्या बागंपर्यंत जाऊ, मधे दोन रस्ते ओलांडायचे हायेत, मला ठाऊक हाय. मी तुझा हात धरणार न्हाई. माझं कोपर तुझ्या बाजूला ठेवीन. धरायचं का न्हाई, कुठं धरायचं, कुठं सोडायचं, ते तुझं तू बघ. मी चालत राहीन.

आबाजी