टाकी उपाशी राहू नये

अमरावती, सोमवार सकाळ

तीर्थस्वरूप महादेवमामांना भाचा विपुलचा वाकून नमस्कार, आणि मामींच्या दुखऱ्या गुडघ्यांना वेगळा.

तुमची तब्येत बरीच असणार, कारण मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात आजारी पडायला मामी तुम्हाला सवड देणार नाहीत. अपेक्षाला सांगा, बुधवारी अक्षता पडायच्या आत मी अकोटला हजर असेन. खरं तर हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन मामींच्या पिशवीत असतो आणि मामींना कळलं की गावाला कळलं. म्हणून पत्र, तेही देवानंदच्या हाती (तुमच्या गल्लीतला, अकोट एसटीवर कंडक्टर आहे तो). माझं विचाराल तर शरीर ठीक आहे, डोकं सुन्न आहे. काल जे पाहिलं त्यानंतर घास उतरून नाही राहिला. (असं मधूनमधून वऱ्हाडी येईल. रागात शुद्ध लिहिणं मला जमत नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो, म्हणजे तास असले तर प्राध्यापक, नसले तर घरी. (माझ्यासाठी मुलगी सांगून आलेल्या अंजनगाव सुर्जीच्या पाहुण्यांना तुम्ही नुसतं ‘प्राध्यापक’ सांगितलंय, ते तसंच राहू द्या.) यंदा आमच्या प्राचार्यांनी, कमलाकांत सरांनी, कॉलेज हिरवं करायचं मनावर घेतलं. गुरुवारी बाहेरून तपासणी समिती येणार आहे. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून पर्यावरणाची जबाबदारी मौर्य काळ शिकवणाऱ्या माणसावर आली. होस्टेलच्या मागे बायोगॅसची टाकी बसली. मेसचं खरकटं तिच्यात टाकायचं, निघेल त्या गॅसवर समितीला चहा करून द्यायचा. चहा उकळला तर पुढच्या वर्षीचे तास तुमचे, असं सर म्हणाले. नाही उकळला तर काय, असं विचारलं तर चष्मा पुसायला लागले. मला कळायचं ते कळलं.

उद्घाटन झोकात झालं. टाकीला हार, हळदकुंकू, नारळ आणि सरांच्या हातून पुरणपोळीचा नैवेद्य. दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन खरकटं गोळा करायला गेलो तर मेसमध्ये खरकटंच नाही. आमची पोरं खेड्यापाड्यांतली, वांग्याची भाजी असली की ताट पुसून खातात, धुणाऱ्याला काम ठेवत नाहीत. जे काय उरतं ते मैनाबाई मागच्या फाटकातून आपल्या म्हशींसाठी नेते आणि मेसला दूध घालते. हे कितीतरी वर्षांपासून चाललंय. सरांनी हुकूम काढला, कॉलेजचा कचरा यापुढे आवाराबाहेर जाणार नाही. मैनाबाईने तो उभ्यानेच ऐकला आणि म्हणाली, “खरकटं भाईर येनार नाई, तं दूध आतमंधी काहून यीन?” त्या दिवसापासून अख्खं कॉलेज काळा चहा पितं. मराठीच्या चारुता मॅडम दुधाची पिशवी पर्समध्ये आणतात आणि स्टाफरूममध्ये कोणालाही दाखवत नाहीत.

तरी टाकी काही भरेना. मग सरांनी होस्टेलच्या पोरांना सभागृहात बसवून व्याख्यान दिलं की पर्यावरणासाठी प्रत्येकाने ताटात थोडं टाकावं. (मामा, मी पहिल्या रांगेत होतो. मान खाली घालून बुटाची लेस बघत होतो.) एका पोरानेही टाकलं नाही. उलट त्या दिवशी पोळ्या कमी पडल्या.

आणि काल मी मेसमध्ये शिरलो तर स्वयंपाकी पुंजाराम पोळ्यांची चळत रचून राहिलेला. पोरं तर जेवून गेलेली. म्हटलं, हे कोणासाठी? तो मान वर न करता म्हणाला, “टाकीचा डबा हाय, सर. सायबानं सांगतलं, टाकी उपाशी राह्यली नाई पायजे.” मामा, मी तिथंच पिठाच्या डब्यावर बसलो. म्हणजे सिलिंडरच्या गॅसवर वरण-भात-पोळ्या करायच्या, त्या टाकीला खाऊ घालायच्या, आणि टाकी देईल त्या गॅसवर कपभर चहा करायचा. आजवर इतिहासात मी वेड्या राजांचे पुष्कळ किस्से शिकवले, पण चुलीवर शिजवून चुलीला जेवू घालणारा एकही नाही भेटला. बरं, इतकं जेवूनही टाकी ढिम्म. काडी लावली की फुस्स करते आणि विझते. मले तर रडूच आलं. गुरुवारी चहा उकळत नाही, आणि माझे तासही जातात, अंजनगावही जातं.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. रागाच्या भरात काही अधिक-उणं लिहिलं असेल तर तुमच्याच घरचा पोरगा समजून पोटात घाला.

आपला,
विपुल

ता. क. : मूळ मुद्दा राहिला. तुम्ही पंगतीत उष्टं टाकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून ताट संपवून घेता, हे मी लहानपणी भोगलंय. बुधवारी एवढ्या एका दिवशी तसं करू नका. उलट आग्रह सपाटून करा, नको म्हणेल त्याच्या ताटात दोन लाडू जास्त टाका. जेवढं उष्टं पडेल तेवढं ड्रममध्ये भरून ठेवा, मी रात्रीच घेऊन निघतो. भाच्याच्या भाकरीचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा : देवानंदची गाडी लेट आहे म्हणून बरं, पत्र अजून माझ्याजवळच आहे. वरचं सगळं विसरा. समिती आजच येऊन गेली. ते वाघ बघायला मेळघाटात सेमाडोहला गेले होते, वाघ दिसला नाही म्हणून वैतागून परत फिरले आणि थेट आमच्या मागच्या फाटकाशी उतरले. तिथं मैनाबाईच्या म्हशी टाकीचा डबा खात होत्या. पुंजारामला गरम पोळी टाकीत ढकलवेना, म्हणून तो पहिल्या दिवसापासून डबा आणि उरलंसुरलं गुपचूप तिलाच देत आलाय; सरांना संशय येऊ नये म्हणून तिने दूध तेवढं बंदच ठेवलं. (टाकी फुस्स का करत होती ते आता कळलं. तिच्या पोटात ती एक पुरणपोळीच आहे.) पोरांची चाटूनपुसून घेतलेली ताटं पाहून, म्हशी पाहून आणि मैनाबाईने तिथंच धार काढून दिलेल्या ताज्या दुधाचा चहा पिऊन समिती गहिवरली. इतकं कचरामुक्त कॉलेज विदर्भात पाहिलं नाही, असा शेरा दिला. दोष एकच काढला, ती मागची टाकी वास मारते, ती हलवा. सर लगेच म्हणाले, विपुलचे पुढच्या वर्षीचे तास पक्के, पण टाकी बुधवारच्या आत आवाराबाहेर पाहिजे. भंगारवाला फाटकातूनच नाकाला रुमाल लावून परत गेला.

ता. क. तिसरा : पंगतीत कोणालाही आग्रह करू नका. लग्नपत्रिकेवर तुम्ही ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलंय, पण ते घरच्या माणसांना लागू नसतं असं मी धरून चालतो. छोटा हत्ती टेम्पो ठरवलाय. मांडवाच्या मागे, वाऱ्याची दिशा बघून, जरा जागा करून ठेवा. अपेक्षाला आत्ताच काही सांगू नका.