शपथ घातल्यावर काय म्हणायचं

अण्णा,

काल निघोजेच्या शाळेत आठवीच्या मुलांपुढे उभा होतो. आमची कंपनी अधूनमधून आम्हाला तिथे पाठवते, पोरांना दारू आणि नशेला नाही म्हणायला शिकवायला. सुपरवायझर झाल्यापासून हे काम माझ्या गळ्यात आलंय, आणि मला ते छान जमतं असं सगळे म्हणतात. जमणारच. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तुम्हीच शिकवलेलं मी तिथे स्वतःचं म्हणून खपवतो.

मीही आठवीत होतो. कासारवाडी स्टेशनमागच्या मैदानातून बिअरचा वास घेऊन घरी आलो, ती दुपार. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून नुकतेच आला होतात. मी मार खायच्या तयारीत दारात उभा, आणि तुम्ही मोरीत डबा घासत, वर न बघता म्हणालात, "पोरा, नको म्हन आन गप हुबा ऱ्हा. कारण सांगू नगंस. कारण सांगितलं की ते खोडून काढत्यात." त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या. तुम्ही स्वतः तसेच वागायचात. रविवारी विहारात पंचशील तुम्ही सांगायचात, आम्ही सगळे मागून म्हणायचो. पाचवं शील आलं, दारू-नशेपासून दूर राहण्याचं, की तुमचा आवाज थोडा चढायचा. मला त्याची जरा लाज वाटायची आणि अभिमानही.

मग मी चाकणला परमनंट झालो. त्या रविवारी दुपारी लाइनवरचे मित्र आपल्या गच्चीवर जमलेत. तुम्ही खाली स्वयंपाकघरात मटण करताय, आईला पातेल्याला हातही लावू देत नाही. पातेलं घेऊन वर येता, तसे सगळे तुम्हाला धरतात. "काका, पोरगा परमनंट झाला राव, आज एक तरी घ्याच!" तुम्ही म्हणता, "नको." कारण देत नाही, नुसते हसत उभे राहता. ते उभं राहणं मलाच सोसवेना, अण्णा. चारचौघांत माझा बाप आडमुठेपणा करतोय असं वाटलं. मी ग्लास पुढे केला आणि म्हणालो, "अण्णा, माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ, नवस, अंगारा, यातलं काहीही न मानणारे तुम्ही. तरी तुमचा चेहरा उतरला. उभ्या उभ्या, औषध घ्यावं तसा तुम्ही ग्लास संपवलात आणि भाताचं बघतो म्हणून खाली गेलात. पुढच्या रविवारी विहारात चार शीलं तुम्ही सांगितलीत. पाचव्याला थांबलात आणि शेजारी बसलेल्या एका काकांना ते सांगायची खूण केलीत. त्यानंतर कायम तसंच. लोकांना वाटायचं, वय झालं, दम लागतो. मला खरं माहीत होतं, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही तुमची माफी मागितली नाही.

काल वर्गात सराव म्हणून नाटक करताना मी आग्रह करणारा मित्र झालो होतो. समोर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी. मी चिडवलं, डिवचलं, "घाबरट" म्हणालो, ती ठामपणे "नको" म्हणत राहिली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी शपथ आहे तुला." पोरगी गडबडली. "सर, शपथ घातल्यावर काय म्हणायचं?"

मी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणालो, "शपथ घालून पाजतो ना, तो आपला नसतोच." त्यांच्या बाईंनी ते लगेच फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी वहीत उतरवून घेतलं. ते पुसा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

हा कागद मी आईलाही दाखवणार नाही. ती अजून तुमच्या दम्याचंच सांगते लोकांना, आणि मी शेजारी बसून मान हलवतो. पण एक गोष्ट त्या दिवशी गच्चीवरच्या कुणालाच कळली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. तुम्ही ग्लास तोंडाला लावलात, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि अण्णा, मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.