प्लॅटिनम आणि पखवाज

४ ऑगस्ट
सुहासची तिसरी केमो झाली. बाटलीवर तेच नाव, सिसप्लॅटिन. बारावीला दरवर्षी शिकवते ते लिगंड एक्स्चेंज, धातूला धरून बसलेल्याची जागा दुसऱ्याने घेणं. मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया टाकला की तांब्याभोवतीचं पाणी हटतं, अमोनिया बसतो, गडद निळा रंग येतो. पोरं फोटो काढतात.
इथे प्लॅटिनमला दोन क्लोरीन धरून असतात. रक्तात मीठ भरपूर, तोवर सहसा सुटत नाहीत. पेशीत मीठ कमी. क्लोरीन सुटतात, जागी पाणी येतं, मग पाणीही हटतं आणि प्लॅटिनम डीएनएला चिकटतं. पेशी मरते. ती गाठीचीच आहे का, हे प्लॅटिनम बघत नाही.
उलट्या. ताकही राहिलं नाही.

९ ऑगस्ट
संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. नॅशनल पार्काच्या बाजूने किडे किर्र ओरडत होते, माझे कान किटले. सुहास म्हणाला, "आज किडे गप्प आहेत ना?"
चहा आणायला आत गेले.

१६ ऑगस्ट, शनि.
गणपतीच्या भजनाची तालीम आमच्याच हॉलमध्ये. सुहासने पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावली, नेहमीसारखी. उजवं अंग पेटीशी जुळवताना मात्र हातोडी थांबेचना. मग झांजवाल्यांवर चिडला. "अरे हात चालवा रे, ऐकाक येना नाय." झांजा दणकून वाजत होत्या.
पेटीवाला बाबल चपला घालताना हळूच म्हणाला, "वयनी, सूर चढवता तो. माका सांगूक धीर नाय झालो."

१८ ऑगस्ट
विचारलंच. कानात शिट्टी वाजते म्हणे, दुसऱ्या केमोपासून. मी भडकले. डॉक्टर दर वेळी विचारतात, आणि हा दर वेळी "ठीक आहे" म्हणतो.
गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, मी स्पष्ट सांगितलं. कानातल्या पेशींतही तेच प्लॅटिनम जाऊन बसतं.
"डॉक्टरांका सांगू नको गो. औषध बदलतले." स्कॅनमध्ये फुप्फुसातली गाठ निम्मी दिसली, ती याच औषधाने. दुसऱ्याची डॉक्टर तेवढी खात्री देत नाहीत. "वाजवचा मागीर बघूया. आधी जगाक होया."
रागावल्यावर हा मालवणीत जातो. आज रागावला नव्हता.

२१ ऑगस्ट
वर्गात पोरीने विचारलं, "मॅडम, एकदा बसलेला लिगंड परत काढता येतो का?" कधी येतो, कधी नाही. पुढचं काय बोलले ते आठवत नाही.

२४ ऑगस्ट
उद्या चौथी केमो. तीन दिवसांनी गणपती.
दुपारी सुहास पखवाज घेऊन बसला. मला पेटीचा सूर धरायला लावलं. हातोडी मारायचा, थाप द्यायचा, मान वाकडी करून ऐकायचा. शेवटी विचारलं, "बसला का सूर? तू सांग."
पखवाजाचा सूर त्याने आजवर कुणाला विचारला नव्हता.
बसला नव्हता. मी हो म्हटलं. तो हसला, हातोडी पिशवीत ठेवली.
सकाळी आठला निघायचं. डॉक्टर विचारतील, नीट ऐकू येतं ना? हा "ठीक आहे" म्हणेल, आणि माझ्याकडे बघेल.