पाळकांच्या निळ्या वहीबाबत

अंगण सारवून झालं होतं. आंघोळीचं पाणी चुलीवर होतं आणि मी सुपात तांदळातले खडे वेचत होते, तेव्हा उर्वशी नैताम दारात येऊन उभी राहिली.

"बाई, मले तुमच्यापासून शिकाचं हाय."

"माह्यापासून? काय, भात शिजवाले?"

"तेही चालन."

"काऊन, घरी माय नाई का तुले?"

ती हसली, थोडी थांबली आणि गेली. माझे पती तिला आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कामासाठी तयार करत होते. आता घरातलंही पाहायला आली, असं मला वाटलं. तेच तांदूळ मी दोनदा पाखडले.

मी, सोमारी पोचू मडावी, वय एकाहत्तर, राहणार मोहटोला, तालुका चामोर्शी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी भरीस घातलेलं नाही.

पती, पाळक पोचू मडावी, पाच वर्षांपूर्वी वारले. त्यांचा चष्मा मी अजून दर शनिवारी पुसून ठेवते, रविवारी लागायचा म्हणून.

एक. राहतं घर व परसातली मोहाची दोन झाडं मुलगा सुनिल याला. पुढच्या खोलीत उपासना भरते, ती त्याने बंद करू नये.

दोन. माझं गीतपुस्तक नात खुशबू हिला. गाणी मला तोंडपाठ होती. ओळीवर बोट ठेवून गात गात मी अक्षरं ओळखली. पाळकांनी पंधरा गावांत माणसं घडवली, पण स्वतःच्या घरात कोण वाचायला शिकलं हे त्यांना दोन वर्षं कळलं नाही.

तीन. पाळकांची सायकल सुनिललाच. उर्वशीला देऊ नये, तिच्याकडे स्कूटी आहे. ती पहिल्यांदा उपासनेत संदेश द्यायला उभी राहिली तेव्हा पाळक डोळे पुसत होते. सुनिल जन्मला तेव्हा पुसले नव्हते. आज मंडळी ती सांभाळते आणि चांगली सांभाळते. हे एवढं वाक्य लिहायला मला अर्धा दिवस लागला.

चार. निळी वही. माणसं कशी तयार करायची, ते पाळक हिच्यात लिहून ठेवत. ते गेल्यावर उर्वशीने ती मागितली. भामरागडकडच्या चार नव्या सेवकांना शिकवायला तिला हवी होती. "वाळवीनं खाल्ली," मी म्हटलं. वही तांदळाच्या कोठीत होती. मी ती वाचायला घेतली होती, पण पानापानावर उर्वशीचं नाव येऊ लागलं तिथे मिटली. ती माझ्यासोबत शवपेटीत ठेवावी, असं मी आधी लिहिलं होतं.

मसुदा पाहून साक्षीदार हेमराजभाऊ म्हणाले, "बाई, वहीची पानं किती, ते लिहा लागते." म्हणून मोजत शेवटपर्यंत गेले. शेवटून तिसऱ्या पानावर त्यांचं अक्षर होतं:

"मयताच्या घरी मी गेल्या गेल्या प्रार्थना धरतो. सोमारी आधी त्या घरचं पाणी भरते. लोक माझी प्रार्थना विसरतात. हे मला शिकवता येत नाही. उर्वशीला सोमारीकडे पाठवणे."

खाली तीन तारखा. तिन्हींपुढे एकच शब्द: पाठवली. पहिली तारीख त्या खडे वेचण्याच्या सकाळची.

मला मात्र त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. तो राग माझा माझ्याजवळ राहील, कोणाच्या नावे करत नाही.

वही, पानं एकशे ब्याण्णव, उर्वशी नैताम हिला. वाळवी लागलेली नाही.

पानं मोजली त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधू कोवेच्या घरी मयत झालं. मी उर्वशीला बोलावून सोबत नेलं. दारातच तिने बायबल उघडलं. मी ते मिटलं, तिच्या हातात पाण्याचा रिकामा गुंड दिला आणि तिला हातपंपावर घेऊन गेले.

सही: सोमारी पोचू मडावी

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. हेमराज गेडाम
२. इंदुताई कन्नाके

मोहटोला, १४ नोव्हेंबर २०२४