डावीकडे न वळणारी व्हॅन

इरबिद, मंगळवार

आदरणीय जुहैरमामा यांना,

रुदैनाचा सलाम. तुमच्यावर शांती असो, मामींच्या गुडघ्यांवरही असो. तुमची साखर सध्या किती असते ते आकड्यात कळवावं. "बरी आहे" एवढ्यावर आईचं समाधान होतं, माझं होत नाही. माझा भाऊ सुहैब तिथे कुवेतमध्ये तुमच्या घरी राहून तुमच्यासाठी काही कामाचा ठरत असेल अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत आणि व्हॅन दुरुस्त झाली आहे. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते, कारण तुम्हाला आईकडून फोनवर जे कळेल ते अचूक नसेल.

मला मफ्रकच्या पंप कारखान्यात तपासणी अभियंत्याची नोकरी मिळाली आहे हे तुम्हाला माहीत आहे. येत्या रविवारी, एक तारखेला रुजू व्हायचं आहे. आठ महिने घरी बसल्यावर आलेलं हे पहिलंच पत्र, आणि दुसरं येईल असं वाटत नाही. बाबांनी परवानगी दिली, पण अट घातली: बसने जायचं नाही, घरच्या व्हॅननेच जायचं. अट ऐकायला सोपी होती. फक्त त्या वेळी व्हॅन डावीकडे वळत नव्हती.

(वळत नव्हती म्हणजे अगदीच नाही असं नाही. स्टीअरिंग अकरा सेंटिमीटर फिरवेपर्यंत चाकांना काही कळत नसे. मी टेपने मोजलं आहे. त्यानंतर डावीकडे फिरवताना एका ठिकाणी ते अडायचं, आणि जोर लावला की एकदम सुटायचं. तोवर समोरून येणारा माणूस कलमा म्हणून मोकळा झालेला असे.)

बाबांनी यावर भूगोलाच्या मास्तराला शोभेल असा उपाय काढला. तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं. या पद्धतीने ते महिनाभर इरबिदमध्ये फिरले. चौदा मिनिटांवरच्या भाजी बाजाराला एक्केचाळीस मिनिटं लागत, आणि आई रोज म्हणे की काकड्या घरी येईपर्यंत लोणच्याच्या होतात. पण मफ्रकच्या रस्त्यावर दोन चौक असे आहेत की तिथे डावीकडे वळावंच लागतं. उजवीकडून गेलं तर सीरियाच्या सीमेपर्यंत जाता येतं, कारखान्यापर्यंत नाही.

दोष कुठे आहे ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. स्टीअरिंगच्या दांड्याला खाली एक सांधा असतो, तो झिजला होता आणि एका बाजूने गंजून अडकत होता. बाबा म्हणाले, "बाळा, तू शिकलीस लिफ्टवर. लिफ्ट वर जाते, खाली येते. तिला स्टीअरिंग कुठे असतं?" मग त्यांनी तीन कारागीर केले. पहिल्याने चाकांचा कोन जुळवला, दुसऱ्याने पुढचे टायर बदलले, तिसऱ्याने तेल भरून "आता चालवत राहा, सवय होईल" असं सांगितलं. सवय आम्हाला व्हायची की व्हॅनला, ते त्याने सांगितलं नाही.

अख्ख्या सनायात (आपल्या गॅरेजांच्या वस्तीत) स्टीअरिंगचा खरा जाणकार एकच, बाबांचे चुलतभाऊ नौफलकाका. पण चार वर्षांपूर्वी ही व्हॅन घेताना काका म्हणाले होते, "घेऊ नकोस, हिचं स्टीअरिंग आज ना उद्या जाणार." बाबांनी घेतली. मग एका लग्नात, मन्सफच्या परातीभोवती दहा जण उभे असताना, काकांनी भाताचा गोळा वळता वळता विचारलं, "काय रे, भूगोल शिकवणाऱ्याला दिशा सापडली का?" बाबांनी हात धुतले आणि तेव्हापासून बोलणं बंद. मी एकटी व्हॅन घेऊन काकांकडे जाते म्हटलं, तर बाबा म्हणाले, लोक म्हणतील स्वतः लपला आणि मुलीला पुढे केलं.

तेव्हा मी आपल्या पद्धतीचा विचार केला. माणूस स्वतः जिथे जाऊ शकत नाही तिथे त्याला जाहा, म्हणजे ज्येष्ठांचं शिष्टमंडळ, नेऊ शकते. ज्येष्ठांनी चला म्हटलं की मान तुटत नाही, उलट वाढते. मी हाजी शिब्लींकडे गेले. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं जाहांचे पुढारी. त्यांच्या शब्दावर खुनाची वैरं मिटली आहेत. मी त्यांना एका कागदावर दोन मुद्दे लिहून दिले: एक, समेट, दोन, स्टीअरिंग. त्यांनी कागद न वाचता खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोरी, मला कागद देतेस?"

शनिवारी सकाळी लांब अंगरख्यांतले आठ जण सात आसनांत बसून निघाले, उजवीकडून. बायका जाहात नसतात, पण हँडब्रेकही धरत नव्हता आणि गॅरेजचं अंगण उताराचं आहे. म्हणून ब्रेकवर पाय ठेवून व्हॅनमध्ये बसायला मला नेलं होतं. काच खाली होती आणि अंतर सहा मीटर होतं. पुढचं सगळं मी स्वतः ऐकलेलं आहे.

नौफलकाकांनी स्वतः कॉफी ओतली. हाजींनी पेला समोरच्या तेलाच्या पिंपावर ठेवला आणि हात मागे घेतला. मागणं मान्य झाल्याशिवाय प्यायचं नाही हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. काकांनी एकदा व्हॅनकडे पाहिलं, एकदा बाबांच्या बुटांकडे (बाबाही तिकडेच पाहत होते), आणि म्हणाले, "हाजी, कॉफी प्या. जे मागायला आलात ते दिलं." माणूस उदार आहे. हाजींनी पेला रिकामा केला आणि भाषण सुरू केलं.

भाषण अकरा मिनिटं चाललं. देवाची स्तुती झाली, दोन्ही घरांचे पूर्वज झाले, त्यांच्या विहिरी झाल्या, शेजारधर्म झाला. यानंतर स्टीअरिंग यायला हवं होतं. पण हाजींनी चाळीस वर्षं हे भाषण बहुतेक मुली मागण्यासाठीच केलेलं आहे, आणि वेग आलेली गोष्ट आयत्या वेळी वळवणं कठीण असतं. ते म्हणाले, "आणि म्हणून तुमची सुशील कन्या सुलाफ आम्ही आमच्या सुहैबसाठी मागतो."

कॉफी पिऊन झाली होती आणि शब्द देऊन झाला होता. हाजींना चुकलात म्हणणारा माणूस अजून जन्मलेला नाही. एका कोपऱ्यातून सोयरीक पक्की करणारी फातिहा सुरू झाली आणि सगळ्यांचे हात वर गेले. बाबांचेही गेले. माझा पाय ब्रेकवर होता, त्यामुळे मला उतरता आलं नाही.

मग नौफलकाकांनी बाबांना मिठी मारली आणि त्यांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात, म्हणाले, "व्याही, असल्या स्टीअरिंगने माझ्या मुलीला न्यायला येणार होतास?" त्यांनी बाह्या सारल्या. चाळीस मिनिटांत जुना सांधा बाहेर निघाला. तो बाबांसमोर धरून त्यांनी विचारलं, "हे कुणाला कळलं होतं?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. काका म्हणाले, "मग हिला पाठवायचं होतंस आणि तू घरी बसायचं होतंस." परतताना बाबांनी सहा डावी वळणं घेतली. त्यांतल्या चारांची गरज नव्हती.

असो. मामींना माझे नमस्कार, मुलांना पापे. तुमच्या साखरेचा आकडा उपाशीपोटीचा कळवावा.

तुमची भाची,
रुदैना

ता.क. सुहैबला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. आई म्हणते फोनवर सांगू नये, बाबा म्हणतात मामा सांगतील. तेव्हा तुम्ही सांगावं. जेवण झाल्यावर.

ता.क. २. नौफलकाकांनी काही घेतलं नाही. मुलीच्या सासरची गाडी, म्हणाले. पण सोयरीक मोडली तर सांधा परत नेईन, असंही म्हणाले. हसून म्हणाले, तरी आमचा जुना सांधा त्यांनी चिठ्ठी लावून फळीवर ठेवलेला मी पाहिला आहे. नवा काढायला पंचवीस मिनिटं लागतील. म्हणून माझी खरी विनंती अशी: सुहैबने लग्न करावंच असं माझं म्हणणं नाही. त्याने फक्त मार्चपर्यंत नाही म्हणू नये. तोवर माझे नोकरीचे कच्चे सहा महिने संपतील आणि मी माझी स्वतःची गाडी घेईन.

ता.क. ३. हे लिहीत असतानाच सुलाफ येऊन गेली. मार्चपर्यंत तिचीही हरकत नाही. तिची औषधशास्त्राची शेवटची परीक्षा आहे आणि तोवर इतर स्थळं येणं थांबेल. मात्र मार्चमध्ये नकार द्यायचाच झाला तर तो आधी ती देणार आहे. सुहैबने रांगेत उभं राहावं, असा तिचा निरोप आहे.